ढोल टाकला म्हणजे फोक मेटल होत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. मेटलवाल्यांशीही, आणि मेटलला शिव्या घालणाऱ्या आमच्या खान्देशातल्या काका-मामांशीही. दोन्हीकडून बुक्के बसणार हे गृहीत धरूनच लिहितोय.

आधी मेटलवाले. आपल्याकडे लोकसंगीत आणि मेटल एकत्र करायची रेसिपी ठरून गेली आहे. सुरुवातीला वीस सेकंद बासरी नाहीतर सतार, मग डिस्टॉर्शन, मध्ये चार मात्रा ढोल, की झालं! अपवाद आहेत. दिल्लीच्या ब्लडीवुडने २०१९ मध्ये ढोल थेट जर्मनीच्या वाकन फेस्टिव्हलला नेला. मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये दशावतारावर अख्खा अल्बम केला. दोघांबद्दल आदर आहे, दोघांना ऐकतो. तरी एक प्रश्न उरतोच: या मिश्रणात वाकतं कोण? गिटार आपल्या बारा समान स्वरांवर ताठ उभी, आणि बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. आमच्या धंद्याच्या भाषेत, मेटल ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि लोकसंगीत हे प्लगइन. काढून टाकलं तरी काहीच क्रॅश होत नाही.

आता जावा-बालीकडे बघा. तिथलं गामेलान म्हणजे प्रामुख्याने काशाच्या घंटा, पट्ट्या आणि मोठ्या गाँगचा संच. प्रत्येक संचाचं ट्यूनिंग वेगळं, त्यामुळे एका संचातलं वाद्य उचलून दुसऱ्यात बसवता येत नाही. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावतात. समजा एक पट्टी २०० हर्ट्झवर आणि तिची जोडीदार २०७ वर, तर आवाज सेकंदाला सात वेळा लहरतो. याला ते ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. शिवाय कोतेकान नावाचा प्रकार आहे. एकच वेगवान धून दोघांत वाटलेली, एकाच्या रिकाम्या जागा दुसरा भरतो. मेटलचा ड्रमर डबल बासवर दोन पायांनी जे करतो ते इथे दोन माणसं करतात.

या संगीताशी खरंच लग्न लावायचं तर गिटारला सासरचं ट्यूनिंग घ्यावं लागतं. दोन गिटारी मुद्दाम सात हर्ट्झ अंतरावर लावून डिस्टॉर्शन दिलं, तर ती लाट अंगावर येईल. पण स्टुडिओतला शहाणा माणूस काय करतो? ती लाट चूक समजून सॉफ्टवेअरने 'दुरुस्त' करतो. म्हणजे ज्यासाठी गामेलान आणलं तेच मारलं!

जोगजकार्तात २०१० मध्ये सुरू झालेली सेन्यावा ही जोडगोळी वेगळ्या वाटेने गेली. वुकिर सूर्यादी बांबूपासून स्वतःचं वाद्य बनवतो आणि रूली शाबारा गळ्यातून जे काढतो ते कुठल्याही डेथ मेटलवाल्याला घाम फोडेल. यांनी गिटारलाच रजा दिली. २०२१ चा 'अल्किसाह' हा अल्बम त्यांनी एका बड्या कंपनीला न देता जगभरच्या ४४ छोट्या लेबलांना वाटून दिला. जड संगीत आपल्या मातीचं करायला परवानगी लागत नाही, हे त्यांनी दाखवलं.

"ते जावामध्ये, आपल्याकडे काय आहे?" सांगतो. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. तिथली पावरी ऐका, भोपळ्याचं वाद्य, सूर थांबतच नाही. त्याच डोंगरपट्ट्यात थाळीवर कथा गातात. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि तिच्यावरून बोटं ओढत राहतात. थाळी गुणगुणत राहते आणि त्या गुणगुणण्यावर तासन्‌तास कथा चालते. पाश्चात्त्य ड्रोन मेटलवाले असल्या एका सुरासाठी अॅम्प्लिफायरच्या भिंती उभ्या करतात. इकडे जळगावकडे वहीगायनात डफ आणि समूहाचा आवाज. कच्चा माल भरपूर आहे, आपले कान मात्र हेडफोनमधून नॉर्वेला गेलेत.

आता काका-मामा. "हाई काय गोंगाट शे? देवनी विटंबना शे!" बरं. कानबाईच्या मिरवणुकीत डीजेची भिंत लागते तेव्हा ही विटंबना कुठे जाते? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. डीजे ती केव्हाच ओलांडतो. वर प्रत्येक अहिराणी गाणं एकाच ठोक्यावर ठोकून सपाट करतो. तिथे तुम्ही नाचता! म्हणजे राग आवाजाचा नाही, अनोळखीपणाचा आहे.

पण त्यांच्या भीतीत एक गोष्ट खरी आहे, ती मेटलवाल्यांनी कान देऊन ऐकावी. थाळीवरची कथा ही करमणूक नाही, विधी आहे. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून त्याचा लूप बनवणं म्हणजे चोरीच. गाणं परंपरेचं असलं तरी वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर कायद्यानेही हक्क आहे. अल्बमवर नुसतं 'ट्रायबल साऊंड्स' छापून तो फिटत नाही.

तेव्हा करायचं असेल तर असं करा. थाळीवाल्याला विचारा, काय बाहेर न्यायचं आणि काय नाही हे त्यालाच ठरवू द्या. त्याचं नाव गिटारिस्टच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा. पैसे समान वाटा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिटार थाळीच्या सुरात लावा, थाळी गिटारच्या नाही. एवढं जमत नसेल तर सरळ साधं मेटल वाजवा, त्यात काहीच वाईट नाही.

असो. शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण आधी एकदा पावरी ऐका.