क्रीडासंकुल उभे राहिले, मार्गदर्शक कोण घडवणार?

दिव्यांग खेळाडूंसाठी देशातील एक मोठे क्रीडा प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेर येथे उभे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये सुमारे १७१ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचे, ३४ एकरांवरील हे संकुल ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. अशा संकुलाचे स्वागतच व्हायला हवे. परंतु व्हीलचेअरवरच्या खेळाडूला पोहायला किंवा अंध मुलीला धावायला शिकवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. ते जाणणारी माणसे देशात कुठे आणि किती संख्येने घडत आहेत, हा प्रश्न इमारतीच्या उद्घाटनाने सुटत नाही. पर्पल फेस्टमुळे दिव्यांगस्नेही राज्य म्हणून ओळख मिळवू पाहणाऱ्या गोव्यालाही तो टाळता येणार नाही.

ग्वाल्हेरचाच अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०१८ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या दिव्यांग जलतरणपटूंच्या भारतीय चमूतील सत्येंद्रसिंह लोहिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पॅरा कनोइंग या क्रीडाप्रकारात उतरलेल्या पहिल्या भारतीय प्राची यादव याच शहरातल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. या दोघांच्या वाटचालीत एक नाव समान आहे, ते जलतरण प्रशिक्षक प्रा. व्ही. के. डबास यांचे. लोहिया त्यांच्या मार्गदर्शनाने पॅरा जलतरणाकडे आले, तर मुळात जलतरणपटू असलेल्या प्राची यादव त्यांच्याच सल्ल्याने कनोइंगकडे वळल्या. म्हणजे ३४ एकरांचे संकुल होण्याच्या कितीतरी आधी या शहराने खेळाडू घडवले, ते एका जाणत्या शिक्षकामुळे. असा शिक्षक ज्या गावाला लाभला नाही, तिथल्या मुलांचे काय झाले असेल, याची नोंद कुठेच सापडत नाही.

हा योगायोग संपवून त्याची व्यवस्था करणे, हाच प्रशिक्षणाचा खरा अर्थ होय. त्यासाठी कायद्याची चौकट जुनी आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. त्यात विशेष शिक्षक, श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ, अंधांना वावर शिकवणारे प्रशिक्षक, पुनर्वसन समुपदेशक अशा सोळा व्यवसायांचा अंतर्भाव आहे. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. बारावीनंतर विशेष शिक्षणाची किंवा भारतीय सांकेतिक भाषेतील दुभाष्याची पदविका घेता येते. पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोषाविषयीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून वाक् व श्रवण संस्था आहे. तेव्हा अभ्यासक्रम नाहीत, अशी सबब कोणत्याही राज्याला सांगता येणार नाही.

अडते ते पदांपाशी. दोन वर्षे खर्चून पदविका घेतलेल्या तरुणाला मानधनावर किंवा कंत्राटावर ठेवायचे, दर वर्षी मुदतवाढीसाठी खेटे घालायला लावायचे आणि मग या क्षेत्रात मुले येत नाहीत म्हणून हळहळायचे, हा प्रकार अनेक राज्यांत चालत आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे खटल्यात २०२१ मध्ये यावर बोट ठेवले. त्यानंतर केंद्राने प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले. तरीही अंमलबजावणी रखडलेली पाहून न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना मंजूर पदे अधिसूचित करण्याचा आदेश दिला. पद निर्माण झाल्यावाचून व्यवसाय रुजत नाही, एवढी साधी गोष्ट न्यायालयाला दोनदा सांगावी लागली.

शाळेबाहेर तर परिस्थिती याहून बिकट आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलाला उचलणे, भरवणे, अंथरुणाला खिळलेल्याला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून देणे, ही कौशल्याची कामे आहेत. चुकीच्या पद्धतीने भरवल्यास घास श्वासनलिकेत जातो. चुकीच्या पद्धतीने उचलल्यास मुलाचा खांदा आणि आईची कंबर, दोन्ही जायबंदी होतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४७ ने कुटुंबीय आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांना काळजीवाहक भत्ता देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ ही काळजीवाहक प्रशिक्षणाची योजनाही आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत हे सारे आईच निभावते आणि ती थकल्यावर पुढे कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कुणापाशी नसते. पगारी काळजीवाहक मिळालाच, तर त्याला घरकामाच्या मजुरीपलीकडे काही द्यावे असे समाजाला वाटत नाही. ‘सेवा’ या शब्दाचा आदर राखूनही म्हणावे लागेल की, त्याच्या आडून या श्रमाचे मोल फार काळ बुडवले गेले.

आणखी एक बाजू भाषेची. बोलायला उशीर झालेल्या मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत काम करावे लागते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत मूल आईशी मराठीत आणि रस्त्यावर हिंदीत बोलते. गोव्यातील मूल घरी कोकणी ऐकते, शाळेत मराठी किंवा इंग्रजी वाचते. परराज्यात परभाषेतील साहित्यावर शिकून आलेल्या तज्ज्ञाला हे अंतर कापायला वेळ लागतो. स्थानिक मुलामुलींना या व्यवसायात आणण्यामागे रोजगाराइतकेच हेही कारण आहे.

हे कसे साधावे, याचे उदाहरण लष्करच्याच इतिहासात आहे, जरी ते संगीताच्या क्षेत्रातले असले तरी. माधवराव शिंदे यांना आपल्या राजधानीत संगीताचे पद्धतशीर शिक्षण सुरू करायचे होते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये लष्करमध्ये माधव संगीत महाविद्यालय उघडले. तत्पूर्वी राजाभैया पूछवाले यांच्यासह काही स्थानिक गायकांना मुंबईला पाठवून भातखंड्यांची स्वरलेखन आणि अध्यापनाची पद्धत शिकवण्यात आली. आधी शिक्षक तयार झाले, मग वर्ग भरले. पाठवलेली माणसे गावचीच असल्याने परतली आणि टिकली. राजाभैया पुढे त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

गोव्याला हा क्रम अंगीकारणे अवघड नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ३३,०१२ दिव्यांग व्यक्ती होत्या. मध्य प्रदेशात हा आकडा साडेपंधरा लाखांवर होता. कायद्यातील दिव्यांगत्वाचे प्रकार त्यानंतर २१ झाले, त्यामुळे आजची संख्या अधिक असणार. तरीही तालुकावार गरज मोजता येईल, एवढे हे राज्य लहान आहे. पर्वरीची संजय शाळा आणि फोंड्यातील लोकविश्वास प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांचा अनुभव हाताशी आहे. २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट भरल्यापासून या विषयाला राजकीय पाठबळही मिळाले आहे. उत्सवाच्या दिवसांत व्यासपीठावर दुभाषी असतो, स्वयंसेवक हात धरायला असतात. उत्सव संपल्यावर काणकोणच्या आरोग्य केंद्रात किंवा डिचोलीच्या पोलीस ठाण्यात बधिर व्यक्तीचे म्हणणे कोण समजून घेणार, यावर त्या पाठबळाची कसोटी लागेल.

त्यासाठी सरकारने तीन गोष्टी याच क्रमाने कराव्यात. विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ, दुभाषी आणि काळजीवाहक यांची पदे व वेतनश्रेणी जाहीर करावी; त्या पदांच्या प्रमाणात स्थानिक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन मुंबई, म्हैसूर येथील संस्थांत पाठवावे, क्रीडा शिक्षकांना ग्वाल्हेरला; आणि ती तुकडी परतल्यावर तिच्याच बळावर राज्यात कायमस्वरूपी अभ्यासक्रम सुरू करावा. बारावी झालेली सत्तरीची एखादी मुलगी हे क्षेत्र निवडू पाहील तेव्हा तिचे पालक प्रथम नोकरी कुठे आणि पगार किती, हेच विचारतील. आज त्यांना सांगण्यासारखे उत्तर राज्याकडे असले पाहिजे.