दुर्मिळता कोणी ठरवावयाची?

डेव्हिड रिकार्डोने 1817 साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात वस्तूंचे दोन वर्ग पाडले. अपूर्व शिल्पे, जुनी नाणी, विशिष्ट भूमीतच निपजणारी द्राक्षमदिरा अशा मोजक्या वस्तूंचे मोल केवळ त्यांच्या दुर्मिळतेने ठरते. कितीही श्रम केले तरी त्यांची संख्या वाढत नाही. उरलेल्या असंख्य वस्तू श्रमाने हव्या तितक्या वाढविता येतात आणि त्यांचे मोल मुख्यतः श्रमावर अवलंबून असते. दोनशे वर्षे ही विभागणी विद्यार्थ्यांना शिकविली गेली. मात्र या दोहोंत न बसणारी एक तिसरी वस्तू आज जगभरची मुले पडद्यावर शोधीत असतात. उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या नव्या इमारतींतील मुलेही त्यास अपवाद नसावीत. पोकेमॉन या जपानी खेळातील ‘शायनी’ प्राणी ही ती वस्तू होय. विषय पोरकट वाटला तरी वाचकांनी थोडा धीर धरावा.

हा खेळ फेब्रुवारी 1996 मध्ये जपानच्या बाजारात आला. काल्पनिक प्राणी पकडावयाचे, पोसावयाचे, झुंजवावयाचे, असे त्याचे स्वरूप. 1999 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या खेळात दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे प्राण्यांची पैदास, आणि दुसरी म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा, क्वचितच दिसणारा प्राणी. त्यालाच खेळाडू शायनी म्हणतात. या रंगाने प्राण्याचे बळ तिळभरही वाढत नाही. त्याची सारी प्रतिष्ठा विरळपणात आहे. प्रारंभी 8,192 प्राण्यांमागे एक, आणि 2013 पासून 4,096 मागे एक, असे हे प्रमाण ठेवलेले आहे.

इतकी वाट कोण पाहील? म्हणून पैदाशीचा मार्ग. 2006 च्या खेळापासून अशी सोय झाली की, जोडीतील एक प्राणी जपानी भाषेतील खेळातला आणि दुसरा इंग्रजी, जर्मन वा अन्य भाषेतील खेळातला असेल, तर त्यांच्या अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता कैक पटींनी वाढते. जुनिची मासुदा या निर्मात्याच्या नावावरून तिला मासुदा पद्धत म्हणतात. (आंतरराष्ट्रीय ऐक्याचा पुरस्कार करणाऱ्या पक्षालाही जे साधले नाही, ते या अंड्यांनी साधले म्हणावयाचे!) अलीकडच्या खेळांत या पद्धतीने 683 अंड्यांमागे एक, आणि प्राण्यांची सूची पूर्ण करून ‘शायनी चार्म’ मिळविल्यास 512 मागे एक, असे प्रमाण पडते.

आता हिशेब मांडून पाहावा. संभाव्यतेला स्मरणशक्ती नसते. 682 अंडी वाया गेली म्हणून पुढचे अंडे अधिक सुलक्षणी ठरत नाही. 683 अंडी उबविणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे 37 मुले रिकाम्या हातांनीच उठतात, आणि नव्वद टक्के खात्री हवी असेल तर सुमारे 1,570 अंडी उबवावी लागतात. एका अंड्यामागे दोन मिनिटे धरली, तरी 683 अंड्यांना जवळजवळ 23 तास लागतात. कारखान्यातील आठ तासांच्या तीन पाळ्याच त्या! या काळात जन्मलेली साध्या रंगाची शेकडो पिल्ले ‘सोडून’ दिली जातात, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतून पुसली जातात.

आपल्या माणदेशातला शेतकरीही पैदास करतो. खिल्लार खोंडाची निवड करताना तो वळूचे पाय, खूर, कातडी, शिंगांची ठेवण पाहतो, मागच्या दोन पिढ्या आठवतो, आणि चुकलेल्या निवडीतूनही काही शिकतो. त्याच्या श्रमाला आनुवंशिकतेचा आधार असतो. खेळाच्या 1999 च्या आवृत्तीत हा आधार काही अंशी होता. शायनी पालकाच्या पोटी शायनी येण्याची शक्यता 64 मागे एक होती. 2002 साली आलेल्या तिसऱ्या पिढीपासून हा वंशसंबंध तोडण्यात आला. पैदास हे नाव राहिले, वारसा गेला, आणि उरली ती सोडत.

येथेच ती तिसऱ्या वर्गाची वस्तू हाती लागते. शायनी प्राणी श्रमाने वाढविता येतो, परंतु श्रम व फळ यांचा मेळ निर्मात्याने मुद्दाम तोडून ठेवलेला आहे. तो दुर्मिळ आहे खरा, पण जुन्या नाण्यासारखा नव्हे. कंपनीने मनात आणले तर आज्ञावलीतील एक आकडा बदलून तो घरोघरी पोचविता येईल, आणि त्यासाठी तिला एक पैचाही खर्च पडणार नाही. पोकेमॉन गो या मोबाईलवरील खेळात तर हे प्रत्यक्षच घडते. त्या खेळात जानेवारी 2018 पासून ‘कम्युनिटी डे’ साजरे होतात, आणि त्या दिवशीचे ठरावीक तास एखाद्या प्राण्याचे शायनी रूप साधारण पंचविसात एक या प्रमाणात सापडते, असे खेळाडूंच्या मोजणीवरून दिसते. घड्याळाचा काटा पुढे सरकला की पुन्हा टंचाई. साखरेची टंचाई व्यापाऱ्याने निर्माण केली तर तिला साठेबाजी म्हणतात. येथे कोठार रिकामेही नाही आणि भरलेलेही नाही, कारण कोठारच नाही!

पोकेमॉन गो भारतात डिसेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने आला आणि रिलायन्सची दुकाने खेळातील थांबे बनली. त्याच वर्षी सप्टेंबरात, देवळांच्या जागी अंडी दाखविल्याने भावना दुखावतात अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात झाली होती. अंड्यांविषयी विचारण्याजोगा प्रश्न मात्र निराळाच होता, आणि तो विचारला गेला नाही. खेळात अंडे फुकट मिळते. ते उबविण्याचे एक साधनही फुकट असते. परंतु एकाच वेळी अधिक अंडी उबवावयाची तर अधिक साधने लागतात, आणि ती ज्या नाण्यांनी घ्यावयाची ती नाणी रुपये मोजून विकत मिळतात. अंड्यातून कोणते प्राणी निघू शकतात हे दाखविले जाते. कोणता किती प्रमाणात निघतो, हे नाही. चीनने 2017 पासून अशा सोडतींची प्रमाणे जाहीर करणे बंधनकारक केले. बेल्जियमच्या नियामकाने 2018 साली पैसे घेऊन उघडावयाच्या अशा काही पेट्यांना सरळ जुगार ठरविले. खुद्द जपानने या व्यवसायातील एक प्रकार 2012 मध्येच बेकायदा ठरविला होता. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केलेला ऑनलाईन खेळांचा कायदा पैशांच्या खेळांवर बंदी घालतो. ज्यात पैसा जातो पण परत मिळण्याची आशा नसते, अशा या अंड्यांचा विचार त्यात झालेला दिसत नाही. मे 2025 मध्ये हा खेळ चालविण्याचा व्यवसाय सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या मालकीतील कंपनीकडे गेला. तिच्यासह झालेल्या त्या सौद्याची किंमत साडेतीन अब्ज डॉलर होती. मुलांच्या फावल्या वेळाचा भाव यावरून कळावा.

म्हणून ‘ही भांडवलशाहीची नवी अफू’ असे म्हणून मोकळे व्हावयाचे काय? कार्यकर्त्यांनी तो मोह टाळलेला बरा. जे मूल 512 आणि 683 यांतील फरक समजून घेते, ते संभाव्यतेचे गणित पुष्कळशा पदवीधरांहून अधिक जाणते. शिवाय या खेळाचा उगम लोभात नाही. त्याचे जनक सातोशी ताजिरी हे टोकियोजवळच्या माचिदा येथे वाढले. लहानपणी ते तेथील शेतांत आणि तळ्यांकाठी किडे गोळा करीत. पुढे शहर पसरले, तळी बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पुढच्या मुलांना तो आनंद कसा मिळावा, या विचारातून हा खेळ सुचला.

माचिदाची ही हकीकत द्रोणागिरीकरांना परकी वाटू नये. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाजणे गेली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पदरात पडले. आणि त्या भूखंडांसाठीही कित्येकांना वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. त्याच जमिनीवरील घरांसाठी 2018 साली सिडकोने द्रोणागिरी, तळोजा, खारघर, कळंबोली आणि घणसोली येथील 14,838 घरांची सोडत काढली. ज्याला घर लागले तो नशीबवान, ज्याला लागले नाही त्याने पुन्हा अर्ज भरावा. घर बांधण्यास वीट, वाळू आणि मजुराचा घाम लागतो हे खरे. परंतु परवडणारी घरे किती बांधावयाची आणि किती जमीन लिलावात विकावयाची, हा आकडा कोणा देवाने लिहिलेला नसतो. तो एका कार्यालयात ठरतो. जी पिढी लहानपणी 4,096 हा आकडा निसर्गनियम मानावयास शिकते, ती मोठेपणी सोडतीचा आकडाही तसाच मानील, ही खरी भीती आहे.

आणि ज्याची दुर्मिळता कोणीही ठरविलेली नाही, असेही काही द्रोणागिरीत आहे. सेक्टर 16 ते 28 मधील पाणजे येथील सुमारे 289 हेक्टरांच्या पाणथळीवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला पूरक म्हणून तिचे रक्षण व्हावे, अशी शिफारस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेली आहे. सिडकोच्या लेखी ती पावसाचे पाणी धरून ठेवणारी जागा आहे. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजविल्या जातात, अशी तक्रार पर्यावरण कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. हे पक्षी येईनासे झाले तर त्यांच्यासाठी कोणताही कम्युनिटी डे लावता येणार नाही.

बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत छापणे या देशात बंधनकारक आहे. पैसे खर्चून उबविल्या जाणाऱ्या प्रत्येक अंड्यावरही त्याचे प्रमाण मराठीत लिहिलेले असावे, ही मागणी पक्षाच्या खासदारांनी संसदेत मांडण्यास हरकत नाही. पाणज्याचे काम त्यांच्यावर सोपवून भागणार नाही. उरण तालुक्यातील शाखांनी येत्या हिवाळ्यात इमारतींतील मुलांना तेथे न्यावे आणि पक्षी मोजण्याच्या वह्या त्यांच्या हाती द्याव्यात. अंडी मोजण्याचा सराव त्यांना आहेच.