डोंगराचे टायर, हिंजवडीची सायकल

मंडळी, एक साधा प्रश्न. गेल्या महिन्याभरात तुमची सायकल मातीवरून किती किलोमीटर धावली? महापालिकेने खणून ठेवलेला रस्ता धरायचा नाही. खरीखुरी डोंगरातली पायवाट. बहुतेकांचं उत्तर शून्य येणार. आता पार्किंगमध्ये जाऊन टायर बघा. रबराचे उंच ठोकळे, ज्याला दुकानात बटनवाला टायर म्हणतात, तेच असणार. म्हणजे राहायला बाणेर, ऑफिस हिंजवडीत, आणि टायर मात्र हिमालयात जायचे!

आपण सॉफ्टवेअरवाले क्लायंटची रिक्वायरमेंट न विचारता काम सुरू करणाऱ्याला शिव्या घालतो. सायकलच्या दुकानात मात्र आपण स्वतःच तेच करतो. तुम्ही रोज कुठे जाता, वजन किती, पावसात चालवणार का, असलं काही दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. "हा घ्या सर, रफ-टफ आहे, ग्रिप जबरदस्त." झालं काम. जाड खाचा म्हणजे ग्रिप, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. डांबरी रस्त्यावर ते साफ चूक आहे.

का ते बघू. मऊ मातीत ते ठोकळे रुततात आणि पकड देतात. डांबरात रुतायला काही नसतं. तिथे पकड मिळते ती रस्त्याला टेकलेल्या रबरातून, आणि दोन ठोकळ्यांच्या मधल्या जागेत रबर नसतंच. वळणावर सायकल कलली की कडेचे ठोकळे वाकतात आणि चाक अचानक सरकतं. "पण पावसात खाचा पाणी बाहेर टाकतात ना?" ते गाडीच्या टायरचं. सायकलचा टायर इतका अरुंद आणि त्यातला दाब इतका जास्त असतो की पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग लागेल. तुम्ही चांदणी चौकाच्या उतारावरही तेवढे जात नाही. ओल्या रस्त्यावर पाडतात ते ड्रेनेजची झाकणं, पांढरे पट्टे आणि ऑइल. खाचा तिथे काही कामाच्या नाहीत.

आता दमणुकीचा हिशोब. टायर फिरताना सतत दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ताकद वाया जाते. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो आणि वेग ताशी २० धरा. चांगला गुळगुळीत टायर असेल तर (घर्षणाचा गुणांक साधारण ०.००५) यात २५ वॅट जातात. कमी हवेचा बटनवाला असेल तर हा गुणांक सहज दुप्पट होतो, म्हणजे ५० वॅट. आपल्यासारखा माणूस आरामात चालवताना १०० वॅटच्या आसपास ताकद लावतो. म्हणजे तुमच्या मेहनतीचा जास्तीचा पाव हिस्सा निव्वळ रबर मळण्यात गेला. हाच माणूस दोन आठवड्यांनी म्हणतो, "सायकलिंग आपल्याला झेपत नाही राव." मग सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. माझा खरा राग यावर आहे. स्टॅमिना कमी नव्हता हो, टायर चुकीचा होता!

दुसऱ्या टोकाचे लोकही काही कमी नाहीत. रेसिंग सायकल, २३ मिलिमीटरचा टायर आणि त्यात १२० पीएसआय हवा. टायर जितका बारीक आणि टणक तितका फास्ट, ही त्यांची श्रद्धा. आता युरोपातल्या व्यावसायिक रेसर्सनीच ती सोडली. वीसेक वर्षांपूर्वी तिथे २३ चाच जमाना होता, आज २८ नेहमीचा झालाय आणि काही ३० सुद्धा वापरतात. कारण सोपं आहे. दाब तोच ठेवला तर रुंद टायर लांबीला कमी चपटा होतो, म्हणून कमी ताकद खातो. आणि दगडासारखा टणक टायर खडबडीत रस्त्यावर पुढे जाण्याऐवजी उड्या मारत बसतो. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर बनवला तो मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून. त्यातच आपण हवा ठासून दगड करायचा, म्हणजे कमाल आहे. वर खड्ड्यात रिम वाकली की शिव्या महापालिकेला. (त्या द्याच, पण टायरही बदला.)

गंमत म्हणजे आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलचा टायर होता २८ बाय दीड, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद आणि खाचा अगदी बारीक. त्याच टायरवर दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना कॅन लटकवून वर्षानुवर्षं खराब रस्ते तुडवले. आज तीच रुंदी 'ग्रॅव्हल' नावाने दसपट किमतीत विकली जाते. असो.

मग घ्यायचं काय? रोज ऑफिस आणि रविवारी मुळशी असेल, तर ३२ ते ४० मिलिमीटर, मध्ये गुळगुळीत आणि आत पंक्चररोधक पट्टा असलेला टायर. बाभळीचे काटे आणि काचा असलेल्या रस्त्यावर हा पट्टा थोड्या जास्त वजनाच्या बदल्यात ऑफिसला वेळेवर पोचवतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणार असाल तर २८ ते ३२, लवचिक कापडाचा. दर आठवड्याला खरंच डोंगरात जात असाल तर बटनवाला जरूर घ्या, तो तुमच्यासाठीच आहे. "कधीतरी जाईन" हे कारण मात्र चालणार नाही. कधीतरी लागेल म्हणून कोणी रोज रेनकोट घालून फिरत नाही.

खरेदीआधी जुन्या टायरच्या कडेवर ३७-६२२ असा आकडा शोधा. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा तंतोतंत जुळलाच पाहिजे. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२ च असतात, जुनी २६ इंची एमटीबी ५५९, आणि आजोबांची ६३५. रुंदी वाढवताना फ्रेम, ब्रेक आणि मडगार्डमध्ये जागा आहे ना ते बघा.

शेवटी हवा. कडेवर लिहिलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा असते, सल्ला नव्हे. ७५ किलोच्या माणसाने ३५ च्या टायरला पुढे ४५-५०, मागे ५५ पासून सुरुवात करावी. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली तर ते काट्याचं काम नाही. ट्यूब खड्ड्यात रिमखाली चिमटली गेली. हवा थोडी वाढवा. पंक्चरवाल्याच्या अंगठ्यावर विसंबू नका, मीटरवाला पंप घ्या आणि आठवड्याला एकदा वापरा.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात "कुठला टायर देऊ?" असं विचारलं, की आधी तुमचा रस्ता सांगा, मग वजन. त्यावरही "घ्या हो, ग्रिप जबरदस्त आहे" असंच ऐकू आलं, तर सरळ दुसरं दुकान गाठा.