‘वावर’ म्हटलं की चुकलं?

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर २०२५ मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! आधी १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा सुधारित निर्णय, आणि शेवटी २९ जूनला दोन्ही मागे. एवढ्याशा लेकरावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हे मलाही पटलं. पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. आपल्या खानदेशातल्या कितीतरी पोरांना पहिलीत पाऊल टाकताना मराठी हीच दुसरी भाषा असते!

धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात घरोघर अहिराणी. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली. चोपडा, शिरपूरच्या वर सातपुड्याकडे गेलात की पावरी. आई कापूस वेचता वेचता बाळाशी बोलते ती ही भाषा. ते बाळ सहा वर्षांचं झालं की शाळेत जातं, आणि तिथे मॅडम बोलतात ती निराळीच.

त्या जूनमध्ये मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आठवडाभर पहिलीच्या वर्गात बसले. तिथे माझी मामेबहीण शिकवते. ती मूळची दुसऱ्या जिल्ह्यातली, बदलीने इकडे आलेली. पेरणीचे दिवस होते. आईबाप उजाडताच शेतावर गेलेले, पोरं मोठ्या भावंडांचं बोट धरून शाळेत आलेली.

सोमवारी वर्गात नुसती शांतता. ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ असं विचारलं की पोरं खाली बघायची. एका चिमुरडीची चड्डी ओली झाली. लघवीला जायचं तर मॅडमला कसं विचारायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. घरच्या भाषेत विचारावं तर इथे ती चालते की नाही कोण जाणे, म्हणून बिचारी गप्प बसून राहिली. आपण मोठी माणसं अशा पोरांना चटकन ‘मंद’ म्हणून मोकळी होतो.

मंगळवारी चित्रांचे तक्ते आले. हिरव्यागार शेताचं चित्र, खाली ‘श’. मॅडमनी विचारलं, ‘हे काय आहे?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘वावर!’ आठवड्यातलं पहिलं मोठ्ठं उत्तर, तेही अगदी बरोबर. (‘वावर’ मराठी शब्दकोशातही आहे, बरं का!) इथे एखादी बाई म्हणाली असती, ‘चूक, शेत म्हणा.’ माझी बहीण क्षणभर थांबली, आणि तिने फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. वावर, शेत. ‘घरी हे म्हणतात, पुस्तकात हे म्हणतात,’ एवढंच म्हणाली.

बुधवारी तिने प्रश्नच बदलला. ‘तुना घरमा कोन कोन शे?’ हे वाक्य तिने खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून घोटून घेतलं होतं. उच्चार जरा वेडावाकडाच होता, पोरं खदाखदा हसली. पण मग जी सुरू झाली म्हणता! ‘माय शे, बाप शे, मोठी माय शे, बकरी शे...’ सोमवारची ती चिमुरडी उभी राहून म्हणाली, ‘मना बाप वावरमा जायेल शे.’ कर्ता, स्थळ, क्रिया, सगळं असलेलं अख्खं वाक्य! तिला बोलता येत होतंच, तिला तिच्या भाषेत कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. एकाने तर मॅडमलाच ‘तू भाकर खादी का?’ म्हणून विचारलं. मॅडमला ‘तू’! पण हा उद्धटपणा नव्हे, माया आहे. आपण आईला ‘तू’च म्हणतो ना?

गुरुवारी केळीचं चित्र. पोरं म्हणाली, ‘केयी.’ आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळाचं डोया, काळाचं काया. ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. हे तोंडाला वळण नसणं नव्हे, बोलीचा नियमच आहे, आणि तो दर वेळी सारखाच पाळला जातो. नियम कळला की शिकवणं सोपं. ‘तुम्ही जिथे य म्हणता तिथे पुस्तकात कुठे कुठे ळ असतो’ हे पोरांना खेळासारखं सापडत गेलं. लाल पेनाची फुली मारली असती तर पोराला एवढंच कळलं असतं, की माझी आय चुकीचं बोलते.

शुक्रवारी गणित. बकऱ्या, कोंबड्या मोजल्या, त्यात काही अडलं नाही. शनिवारी खिचडीवाल्या मावशींनाच वर्गात बसवून अहिराणीत गोष्ट सांगायला लावली. चार यत्ता शिकलेली ती बाई आधी लाजली, मग अशी रंगली की दुसरीची पोरं दारात येऊन उभी राहिली.

यात जगावेगळं काही नाही. युनेस्कोने १९५३ मध्येच सांगितलंय, की पोराचं शिक्षण त्याच्या भाषेतून सुरू व्हावं. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषेतूनच शिकवा असं म्हणतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. असोद्याची ही लेक एक अक्षर शिकली नव्हती, आणि तिची गाणी या मातीच्या बोलीतच होती. तिच्या नावाच्या कमानीखालून जाताना अभिमान वाटायचा, आणि पहिलीतल्या पोराने ‘डोया’ म्हटलं की कान धरायचा, हे कसं जमतं आपल्याला?

शाळेचं झालं. आता आपल्याविषयी. सासूशी अहिराणी, भाजीवालीशी अहिराणी, आणि लेकीशी मात्र ‘शुद्ध’! देवपूरच्या नाहीतर जळगावच्या कॉलनीत राहायला गेलं की पहिली गोष्ट बंद होते ती घरची भाषा. २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदवणारे पावणेएकवीस लाखांच्या आसपास होते, २०११ मध्ये साडेअठरा लाख. माणसं तर घटली नाहीत! ‘पोरं गावंढळ राहतील हो,’ असं मैत्रिणी म्हणतात. भीती खरी आहे. नोकरीच्या मुलाखतीत, मोठ्या शहरातल्या होस्टेलात बोलीवरून हसणारे भेटतातच. पण अहिराणीत परीक्षा घ्या असं कोण म्हणतंय? पोराला मराठी चांगली यायलाच हवी, पुढे इंग्रजीही. ती घरच्या भाषेच्या खांद्यावर बसून लवकर येते, एवढंच मी त्या आठवड्यात पाहिलं.

तेव्हा येत्या पालकसभेत ‘होमवर्क किती देता?’ याच्याआधी एक विचारा. मॅडम, आमची पोरं आमच्या भाषेत बोलली तर चालेल ना वर्गात?

बहिणीने वर्गाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलाय. एका बाजूला वावर, केयी, डोया, आंडेर. समोर शेत, केळी, डोळा, मुलगी. परवा फोनवर म्हणाली, कागद भरला, आता दुसरा जोडावा लागणार. न्यायला येणाऱ्या आयाच रोज एकेक शब्द सांगून जातात.