जसे आहे तसे, जिथे आहे तिथे

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' हे शब्द चांगले परिचित असतात. निकामी अ‍ॅम्बॅसडर गाड्या, मोडक्या खुर्च्या, टंकलेखन यंत्रे यांचा लिलाव पुकारताना आम्ही ते जाहिरातीत न चुकता घालतो. माल पाहून घ्या, नंतर तक्रार नको, एवढाच त्याचा अर्थ. भंगारापुरता हा व्यवहार रास्तच आहे. परंतु हेच शब्द माणसांच्या घरांना लागू लागले आहेत, आणि त्याविरुद्ध मला आज लिहावयाचे आहे.

तंजावरच्या राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले, त्यानंतर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची वस्ती या वीथींच्या आसपास झाली. रस्त्याकडे तोंड करून तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत मुट्रम, म्हणजे चौक. त्याभोवती लाकडी खांब, वर नळीची कौले किंवा चुना-विटांची गच्ची. तिरुचिरापल्लीस नेमणूक असताना या रस्त्यांवरून मी पुष्कळ हिंडलो. कित्येक घरांना कुलपे होती. मालक चेन्नईत, बंगळुरात, पुण्यात, सिंगापुरात, अमेरिकेत. कौले फुटलेली, चौकात पिंपळाचे रोप, भिंतीला तडा. आणि शेजारच्या चहाच्या दुकानात हमखास एखादा गृहस्थ भेटे, ज्यास त्या घराचा सर्व इतिहास मुखोद्गत असे आणि 'आहे त्या स्थितीत, रोखीने' घेणारा ग्राहकही ज्याच्या माहितीत असे.

या 'रोखीने' शब्दाचा आधी निकाल लावू. अमेरिकेतील वाचकांनी तेथे रस्त्याकडेला 'आम्ही घरे रोखीने घेतो' असे फलक पाहिले असतील. तिथे रोखीचा अर्थ एवढाच, की ग्राहक बँकेच्या कर्जावर अवलंबून नाही. पैसे येतात ते बँकेतूनच. आपल्याकडे रोख म्हणजे नोटा, पिशवीतून आणलेल्या. शब्द तोच, पण तिथे तो सोय सांगतो आणि इथे गुन्ह्याचे आमंत्रण देतो. परदेशस्थ वाचक तिकडचा अर्थ मनात धरून इकडच्या व्यवहाराला होकार देतात, हे मी पाहिले आहे.

आता गणित मांडू. अर्थशास्त्राची जुनी खोड आहे. समजा सौदा ८० लाखांचा ठरला, खरेदीखतात ५० लाख लिहिले आणि ३० लाख नोटांत दिले. तामिळनाडूत मुद्रांक व नोंदणी मिळून सुमारे ९ टक्के खर्च येतो आणि तो प्रघाताने घेणाऱ्याचा असतो. म्हणजे ग्राहकाचे २ लाख ७० हजार वाचले, शिवाय त्याचा काळा पैसा खपला. विकणाऱ्याचे काय वाचले? जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. ते तीसही लाख निव्वळ नफा मानले तरी कर होतो ३ लाख ७५ हजार, अधिभार व उपकर वेगळे. जोखीम मात्र पाहा. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे ३० लाख. हा दंड पैसे 'घेणाऱ्यावर' आहे, अर्थात घर विकणाऱ्यावर. पावणेचार लाख वाचविण्यासाठी तीस लाख पणाला लावणारा माणूस आपल्या मुलाला शेअरबाजारात पाऊल टाकू देत नाही! त्यातून अनिवासी भारतीयास विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत, बाहेर नेता येतात. पिशवीतल्या नोटा कुठल्या खात्यातून नेणार? एप्रिल २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २ लाख वा अधिक रोख दिल्याचा उल्लेख दाव्यात किंवा नोंदणीच्या दस्तात आला, तर ते आयकर विभागास कळविले जावे.

'साहेब, सगळेच असे करतात,' हे उत्तर मला ठाऊक आहे. सगळे करीत नाहीत. जो दूर आहे, घाईत आहे आणि ज्याला तमिळ दस्त वाचता येत नाही, त्याच्याकडून ते करवून घेतले जाते.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्याला पुढे २००१ चे नोबेल मिळाले. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाहीत. त्या विषमतेने बाजार बिघडतो. तंजावरच्या घरात ही विषमता उलटी आहे. मालक पंधरा वर्षांत आत गेलेला नाही. ग्राहकाला ठाऊक आहे, की तडा वरवरचा आहे, तुळया शाबूत आहेत, शेजारचा भूखंड कोणत्या दराने गेला, आणि सागवानी खांब व कोरीव दरवाजे कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात नेता येतात. 'पडके घर' ही किंमत पाडण्याची भाषा आहे. सौदा झाल्यावर त्याच पडक्या घराचे खांब मोजून विकले जातात, आणि जमीन जागेवरच राहते.

कायदा याबाबतीत मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ विकणाऱ्याला सांगते, की तुला ठाऊक असलेला आणि ग्राहकाला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड कर. हे बहुतेक वकील सांगतात. त्याच कलमाचा पाचवा परिच्छेद क्वचितच कोणी सांगतो: विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती याविषयीची, त्या हक्काचे मोल वाढविणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल आणि विकणाऱ्याला ती ठाऊक नसेल असे त्यास वाटत असेल, तर ती त्यानेही उघड केली पाहिजे. न केल्यास ते कपट.

याचा अर्थ कोरडा नाही. तामिळनाडूने १९८९ मध्येच, त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा सहदायाचा हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि २००५ मध्ये केंद्रीय दुरुस्तीने देशभर तो विवाहित-अविवाहित भेद न ठेवता आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला वाटते, आपला हक्क नावापुरताच, भाऊ म्हणतो तर सही करू. तिचा वाटा भावाइतकाच आहे हे दलालाला ठाऊक असते. तो किरकोळ रकमेत तिचे हक्क विकत घेतो आणि मग उरलेल्या भावंडांना वाटपाच्या दाव्याचा धाक घालतो. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द तडा गेलेल्या भिंतीसाठी घातलेले असतात, पण झाकतात ते हे. कलम ५५ मधील काही जबाबदाऱ्या कराराने बाजूला ठेवता येतात, हे खरे. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपविणे हे १८७२ च्या करार कायद्यानेही कपटच आहे.

मी ज्या व्यवस्थेचे मीठ खातो तिलाही येथे सोडता येणार नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवितो, मालकीची हमी देत नाही. वारस कोण, वाटे किती, पट्टा कोणाच्या नावावर, हे प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने शोधावे लागते. मालकीच्या या धूसरपणाची किंमत दूरचा मालक सवलतीच्या रूपाने मोजतो. घराची दुरुस्ती दोन लाखांत होईल. कागदांची दुरुस्ती करायला तीन पिढ्यांचे दाखले लागतात आणि कचेरीच्या खेपा. म्हणून तो म्हणतो, जाऊ दे, जसे आहे तसे घे. रोखीचा ग्राहक या 'जाऊ दे'वर जगतो, आणि ते 'जाऊ दे' आमच्या कचेऱ्यांत तयार होते. खेपांची ही कटकट नको म्हणून दलालाला कुलमुखत्यारपत्र लिहून मोकळे होणाऱ्यांनी २०११ चा सूरज लॅम्प खटल्याचा निकाल वाचावा. विक्रीच्या नावाखाली दिलेल्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. मालक म्हणून नाव तुमचेच राहते, घर मात्र हातचे गेलेले असते.

या शहराला असा ताबा नवा नाही. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही मोहोर लावली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य ठरवून त्यात हात घालण्यास नकार दिला. तरी त्या राणीने सही करून दिली नव्हती, भांडली होती, आणि १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजविधवांना परत केली.

एक गोष्ट राहिली. माळ्यावरच्या पेटाऱ्यातील मोडी कागद, दौलतीचे हिशेब, पत्रे, हेही 'आहे त्या स्थितीत' घराबरोबर जातात आणि रद्दीच्या भावाने निघतात. सरस्वती महाल ग्रंथालय त्याच राजवाड्यात आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. सौद्यापूर्वी एकदा स्वतः या, माळा उतरवा, विल्लंगम, म्हणजे बोजाचा दाखला, काढा (तो तामिळनाडू नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर परदेशातूनही पाहता येतो), स्थापत्य अभियंत्याकडून भिंत तपासून लेखी अहवाल घ्या, आणि बहिणीला फोन करा. मग विकायचे तर खुशाल विका, धनादेशाने.