‘वय झालं’ म्हणणाऱ्यांना

आमच्या मुन्नीला थायरॉइड आहे असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मांजराला थायरॉइड? मग विचारतो, तेरा वर्षांची ना ती? वय झालं तिचं. सोडून द्या.

या ‘सोडून द्या’शी माझं भांडण आहे.

मुन्नीचं वजन सहा-सात महिन्यांत चार किलोवरून पावणेतीनवर आलं. आणि खात होती दुप्पट. रात्री दोन वाजता उठून घर डोक्यावर घ्यायची. मे महिन्यात कूलरसमोर पडूनही तोंड उघडं टाकून धापा टाकायची. आम्ही सगळ्यांनी, मीही त्यात आलो, याला म्हातारपण म्हटलं. म्हातारं माणूस दुप्पट जेवत नाही, एवढा साधा विचार कुणाला सुचला नाही. पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि तेही म्हणाले, वय झालं. दुसऱ्यांनी गळा चाचपला, छातीचे ठोके मोजले, रक्त काढलं. टी-फोर नावाच्या तपासणीत आकडा कुठल्या कुठे गेलेला.

म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमीचा आहे. गळ्यातल्या ग्रंथीवर गाठ येते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण ती रस इतका सोडते की शरीर आतून धावत सुटतं. हृदय थकतं, रक्तदाब वाढतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी हा आजार 1979-80च्या सुमारास पहिल्यांदा नीट मांडला. त्याआधीची मांजरं बहुधा ‘वय झालं’ याच नावाखाली गेली असणार. आज नागपूरला तसं म्हणायची सोय नाही. इथे 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 2000 पासून पशुविज्ञानाचं विद्यापीठ आहे.

‘अल्लाहची मर्जी’ म्हणणाऱ्यांना मी अबू दाऊद आणि तिर्मिझीमधली एक हदीस सांगतो. काही बदूंनी विचारलं, आम्ही इलाज करावा का? पैगंबरांनी (स.) सांगितलं, करा, अल्लाहने प्रत्येक आजाराला औषध ठेवलंय, एक म्हातारपण सोडून. माझे मित्र यातला शेवटचा तुकडा उचलतात आणि म्हणतात, बघ, म्हातारपणाला औषध नाही. अरे, पण त्याआधी म्हातारपण कोणतं आणि आजार कोणता हे ठरवायला नको? ते रक्त तपासून ठरतं, सोफ्यावर बसून नाही. तपासणी टाळायची आणि तिला तवक्कुल म्हणायचं, हा कंजूषपणा आहे. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, हेही तिर्मिझीतच आहे.

दुसरा गट जास्त अवघड, कारण त्याचा मुद्दा खोटा नाही. एवढ्या पैशांत एखाद्या गरिबाच्या घरी महिन्याचा किराणा गेला असता, असं तो म्हणतो. गेला असता. पण हा हिशेब मांजराच्या गोळीपाशीच का निघतो? वलीम्याला आठशे पानं उठतात आणि बिर्याणी पोत्यांनी फेकली जाते, तेव्हा हा गरीब कुठे असतो? ज्याच्याकडे खरंच पैसा नाही त्याला मी काही म्हणत नाही. माझ्याकडे होता.

शिवाय मुन्नी रस्त्यावरची नाही. तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटचं दार आम्ही लावून घेतो. मांजर बांधून ठेवणाऱ्या त्या बाईची हदीस आपल्या मुलांना पाठ असते, पण तिचा गुन्हा नीट वाचा. तिने खायलाही दिलं नाही आणि बाहेर जाऊन उंदीर-किडे खायलाही सोडलं नाही. दार बंद केलं की त्याच्या आतलं सगळं आपल्या अंगावर येतं, खाणंही आणि दुखणंही.

आणि ते मुएझाचे स्टिकर पाठवणं आता थांबवा. झोपलेल्या मांजरासाठी पैगंबरांनी बाही कापल्याची गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही. अबू कतादांची सापडते. वजूचं पाणी प्यायला मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिच्यासाठी कलतं केलं. मला ते कलतं भांडं जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात काहीतरी करावं लागतं.

म्हणून मी सगळे उपाय केले, असंही नाही. परदेशात किरणोत्सर्गी आयोडीन देतात, मांजर काही दिवस वेगळं ठेवतात, गाठ बहुधा कायमची जाते. आमच्यापुढे तो पर्याय आलाच नाही. ऑपरेशनला मी नाही म्हटलं. तिचं हृदय भूल सोसेल याची मला खात्री वाटेना. गोळी उरली. ती आजार बरा करत नाही, दाबून धरते, आयुष्यभर द्यावी लागते. उलट्या होऊ शकतात, तोंड खाजवून घेतात, रक्तातल्या पेशी आणि यकृत पाहत राहावं लागतं. दुसरं म्हणजे किडनी. थायरॉइडमुळे रक्त जोरात फिरतं तोवर कमजोर किडनीही बरी दिसते. औषध लागू पडलं की खरं रूप कळतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

गोळी म्हणजे कार्बिमाझोल, माणसांचीच. मेडिकलवाल्याने विचारलं, पेशंट कोण? मी गप्प झालो. कारण हीच गोळी आमच्या फुफी घेतात. चार वर्षं त्यांचे हात थरथरत होते, धडधड व्हायची, अंगावरची सलवार सैल झाली. आम्ही म्हणत होतो, फुफी, वय झालं तुमचं. कुणी तावीज आणला, कुणी आराम करायला सांगितलं. रक्त कुणी तपासलं नाही. तपासलं ते त्या वजू करताना पडल्यावर, आणि तेही हाड मोडलं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा. मांजराला सात महिने लागले, फुफींना चार वर्षं. फुफींना मी हा हिशेब अजून बोलून दाखवलेला नाही.

आता सकाळी दोघींच्या गोळ्या एकाच ताटलीत निघतात. मुन्नीची मी देतो, हातमोजा घालून, आणि सुनेला त्या ताटलीला हात लावू देत नाही, ती गरोदर आहे. तीन आठवड्यांनी मुन्नीचा टी-फोर खाली आला, वजन दोनशे ग्रॅमने वाढलं, क्रिएटिनिनही थोडं वाढलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढचं रक्त महिनाअखेरीला काढायचंय. फुफी म्हणतात, माझंही त्याच दिवशी काढा, एका रिक्षात होईल.