खंबाटकीत क्लच जळाला, आता 'अपग्रेड' करायचा का? खर्च करण्याआधी हे गणित समजून घ्या

सुट्टीच्या दिवशी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्या खंबाटकी घाटात अडकल्या की थोड्या वेळात एक वास हमखास येतो. रबर जळाल्यासारखा, नाकात बसणारा. कुणी म्हणतं ट्रकचे ब्रेक तापले, कुणी म्हणतं टायर घासतोय. पुष्कळदा तो वास क्लचचा असतो, आणि तोही आपल्याच गाडीचा.

या रांगेत आता फक्त फॅमिली कार नसतात. टर्बो पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर, अशा गाड्यांचा एक वेगळा चाहतावर्ग तयार झालाय. 2022 मध्ये बंद झालेली पोलो टीएसआय, आय20 एन लाइन, 2024 मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर, दीड लिटर इंजिनाची व्हर्टस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुलं आली की यवतेश्वरच्या वळणांवर या गाड्या दिसतात आणि मोबाईलवर त्यांचे रीलही फिरतात.

अशा गाडीचा क्लच गेला की गॅरेजमध्ये दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, कंपनीचा आहे तसाच टाका. दुसरा म्हणतो, आता उघडलाच आहे गिअरबॉक्स तर जरा दणकट टाकून घ्या, पुन्हा बघायला नको. दुसरा सल्ला ऐकायला बरा वाटतो. पण तो प्रत्येक गाडीला लागू पडत नाही, आणि चुकला तर पुढचं बिल क्लचपेक्षा मोठं येतं.

क्लच नेमकं काय करतो?

इंजिन सतत फिरत असतं. चाकं कधी थांबलेली, कधी फिरती. या दोघांना जोडणं आणि गरजेप्रमाणे सोडवणं, एवढंच क्लचचं काम.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट असते, जिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर बसवलेलं असतं. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगचा दाब सुटतो आणि इंजिन मोकळं होतं. पेडल सोडलं की पकड परत बसते.

म्हणजे इंजिनाची सगळी ताकद फक्त घर्षणाच्या भरवशावर चाकांपर्यंत जाते. ही पकड किती ताकद पेलेल ते चार गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, अस्तराचं घर्षण, प्लेटचा आकार आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. स्प्रिंगचा दाब 4,000 न्यूटन, घर्षणांक 0.3, प्लेटची सरासरी त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर आणि बाजू दोन. गुणाकार केला तर हा क्लच साधारण 204 न्यूटन-मीटर टॉर्क पेलतो. पोलोचं एक लिटर टीएसआय इंजिन 175, आय20 एन लाइन 172 आणि अल्ट्रोझ रेसर 170 न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्यांच्यासाठी असा क्लच पुरेसा, वर थोडी शिल्लकही राहते.

आता तोच क्लच घाटात तापला आणि घर्षणांक 0.22 वर आला असं समजा. पकड थेट 150 न्यूटन-मीटरवर येते. इंजिन 175 देतंय, क्लच 150 च धरतोय. मग तो घसरणारच. घसरला की आणखी तापणार आणि तापला की आणखी घसरणार. घाटात क्लच 'अचानक' जातो असं वाटतं ते यामुळे.

घाटात एवढी उष्णता येते कुठून?

चढावर रांग थांबली की अनेक जण ब्रेक लावत नाहीत. क्लच अर्धा दाबून, हलका ॲक्सिलरेटर देत गाडी जागेवर तोलून धरतात. यालाच आपल्याकडे 'हाफ क्लच' म्हणतात.

याचाही हिशोब करता येतो. 1,300 किलोची गाडी, पंधराला एक असा चढ, पहिला गिअर आणि इंजिनाचे 1,200 फेरे. गाडी नुसती तोलून धरायला इंजिनाची जी शक्ती खर्च होते ती साधारण 2 किलोवॅट भरते. गाडी जागेवर उभी, त्यामुळे ही सगळी शक्ती क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. घरातला पाणी तापवायचा गीझर साधारण तेवढ्याच शक्तीचा असतो. तो चारी बाजूंनी बंद डब्यात, एका पातळ प्लेटवर लावून ठेवला तर काय होईल, तेच इथे होतं.

खंबाटकीची रचनाही याला हातभार लावते. साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्यांसाठी बोगदा आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी चढाचा घाट, अशी इथली व्यवस्था वर्षानुवर्षं राहिली. त्यामुळे शनिवार-रविवारची बाहेर पडणारी गर्दी नेमकी चढावरच अडकते. यावर उपाय म्हणून तीन-तीन पदरी जुळ्या बोगद्यांचा प्रकल्प हाती घेतला गेला. पण वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट, कासकडे नेणारा यवतेश्वर आणि कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली यांचा चढ काही कमी होणार नाही.

सांगलीत तर घाट नाही, मग तिथे क्लच का जातो?

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलं की रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. पण गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गाड्या रांगत जातात. पहिला, दुसरा, परत पहिला. ओव्हरटेकसाठी गाडी कायम 'तयार' ठेवायची म्हणून पाय क्लचवर टेकलेला. पेडलवर पायाचा नुसता भार असला तरी रिलीज बेअरिंगवर ताण येतो आणि पकड थोडी सैल होऊ शकते. घाटात जे तासाभरात होतं, तेच इथे हंगामभर हळूहळू होतं.

दुसरं कारण पुराचं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी बरेच दिवस तशीच उभी राहिली तर फ्लायव्हीलवर गंज धरतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. पाण्यातून निघालेली सेकंडहँड गाडी घेताना इंजिन आणि वायरिंग सगळे बघतात, हे मात्र सुटून जातं.

क्लचच गेलाय हे ओळखायचं कसं?

इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, ही सगळ्यात पक्की खूण. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये आणि कमी फेऱ्यांवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघायचा. वेगाच्या आधी काटा उडी मारून वर गेला, तर क्लच घसरतोय. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना हे पहिल्यांदा कळणं म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही आणि समोरून वाहन येत असतं.

पण प्रत्येक तक्रार प्लेटची नसते. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यायचा. गिअर अडकत असतील तर क्लच नीट सुटत नसेल, हायड्रॉलिक गळत असेल. आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑईल झिरपून प्लेटवर आलं असेल, तर कितीही भारी क्लच टाकला तरी तोही घसरणार. गिअरबॉक्स उतरवल्यावर सील बघितलं का, हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारलाच पाहिजे.

अपग्रेड कधी लागतं?

याचं उत्तर एका आकड्यात आहे: आपलं इंजिन आज किती टॉर्क देतंय?

गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर कंपनीच्या दर्जाचा पूर्ण क्लच सेट पुरेसा आहे. सेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. यातला एकच भाग बदलून पैसे वाचत नाहीत, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोन्ही वेळा तेवढीच पडते. त्याच वेळी फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा आहेत का, तेही तपासायचं.

गाडी रीमॅप केली असेल, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं गणित बदलून ताकद वाढवली असेल, तर गोष्ट वेगळी. 175 चं इंजिन 230 न्यूटन-मीटरवर नेलं, तर वरच्या उदाहरणातला 204 पेलणारा क्लच नवा असतानाही कमी पडेल. इथे अपग्रेड गरजेचंच आहे. स्प्रिंगचा दाब 4,000 वरून 5,200 न्यूटन केला, तर पकड साधारण 265 न्यूटन-मीटरपर्यंत जाते.

गल्लत होते ती तिसऱ्या प्रकारात. गाडी मूळ ताकदीचीच असते, क्लच हाफ क्लचच्या सवयीने गेलेला असतो आणि त्यावर इलाज म्हणून भारी क्लच बसवला जातो.

भारी क्लच बसवला तर बिघडतं काय?

पहिली गोष्ट पायाची. स्प्रिंग कडक झाली की पेडलही जड होतं. तासभर रांगेत अडकल्यावर डावा गुडघा त्याची आठवण करून देतो.

दुसरी गोष्ट अस्तराची. रेसिंगसाठीच्या सिरॅमिक प्लेट उष्णता चांगली सोसतात, पण त्यांची पकड हळूहळू बसत नाही. एकतर सुटलेली, नाहीतर घट्ट. त्यामुळे चढावर गाडी झटके देत सुटते आणि फ्लायव्हीलही जास्त घासलं जातं. घाटातल्या त्रासावर उपाय म्हणून आणलेली प्लेट घाटातल्या कोंडीतच सगळ्यात जास्त छळते. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ प्रकारचंच ऑरगॅनिक अस्तर आणि थोडी कडक प्रेशर प्लेट, ही जोडी जास्त मानवते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग. घरातला फ्यूज जसा स्वतः उडून टीव्ही वाचवतो, तसं क्लच घसरून गिअरबॉक्सवरचा धक्का झेलत असतो. क्लच घसरेनासा झाला की तोच धक्का गिअर, शाफ्ट आणि ॲक्सलवर जातो. काही गाड्यांत कंपनं शोषणारं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते काढून साधं बसवलं तर खर्च वाचतो, पण खडखड वाढते आणि कंपनं गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतात.

कायदा काय सांगतो, आणि खर्चाचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम असंच लावून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. झिजलेला क्लच बदलणं ही दुरुस्ती झाली, त्यात अडचण नाही. प्रश्न येतो तो इंजिनाची ताकद बदलणाऱ्या रीमॅपचा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, तर वॉरंटीत क्लच झिजणारा भाग म्हणून सहसा धरलाच जात नाही.

खर्चात एक दिलासा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी लागतो. आधी क्लचच्या भागांवर तो 28 टक्के होता. म्हणजे करापूर्वी 10,000 रुपयांचा सेट 12,800 ऐवजी 11,800 ला पडतो. गॅरेजचं बिल घेतलं तरच हा फरक दिसतो. पक्क्या बिलाशिवाय आणि सीलबंद खोक्याशिवाय मिळणारा 'ओरिजिनल' सेट बनावट निघण्याचा धोका असतो.

नवा क्लच टिकवायचा असेल तर

पहिले 500 ते 1,000 किलोमीटर दामटायचं नाही. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसायला तेवढं अंतर लागतं. क्लच बदलला आणि त्याच रविवारी कासला निघालं, असं करू नये.

घाटात रांग थांबली की हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि पेडलवरून पाय काढायचा. पुढे गाडीभर जागा झाली की एकदाच, पूर्ण क्लच सोडून सरकायचं. दर दोन फुटांना सरकण्यात कुणी साताऱ्याला लवकर पोहोचत नाही. वास आलाच तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्यायची.

हे सगळं पाळूनही क्लच वर्षभरात पुन्हा घसरला, तर मात्र कारण शोधायला हवं. इंजिनाचा टॉर्क वाढवलेला असेल तर त्या आकड्याला पुरेल असा क्लच घ्यावा. टॉर्क मूळचाच असेल तर आधी ऑईल सील, मग हायड्रॉलिक, आणि शेवटी आपला डावा पाय तपासावा. या तिन्हींवर मिळून होणारा खर्च एका भारी क्लचपेक्षा बहुतेक वेळा कमीच निघतो.